हेमाचे बूट

अबुधाबी,
१२ मार्च २०००

प्रिय विभास,
हेमाचा स. न. वि. वि.

आज सकाळी चहात बुडवलेला पाव तुटून कपातच पडला आणि तुझी आठवण झाली. शनिवारचा शिवणाचा तास संपला की आपण दोघी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसायचो. सिस्टर बेनेदिता कोऱ्या चहाचे दोन पेले आणि दोघींत एक पाव द्यायच्या. मोठा तुकडा तू घ्यायचीस, आणि धाकटा माझ्या हातावर ठेवताना तोच कसा मोठा आहे हे मला पटवून द्यायचीस. मग सिस्टर खिशातला खडू काढून पायरीवरच आपलं लिस्बन काढायला बसायच्या. ही नदी, ही टेकडी, हे सांत इश्तेव्हांवचं चर्च, त्याच्याखाली बायकांची कपडे धुण्याची जागा, आणि तिथून चार पायऱ्या वर आमचं निळ्या फरशांचं घर. संध्याकाळी स्वयंपाकीण पायरी धुवायची आणि सगळं शहर मोरीतून वाहून जायचं. पुढच्या शनिवारी सिस्टर ते पुन्हा काढायच्या. एक रेघ इकडची तिकडे व्हायची नाही.

आता रागावू नकोस. मेमध्ये मला तुझ्याबरोबर लिस्बनला यायला जमत नाही. तुझ्या दादाची रजा मंजूर झाली नाही. रुवैसच्या रिफायनरीत शटडाऊनचं काम निघालंय आणि माणसं कमी आहेत. तो बुधवारी संध्याकाळी घरी येतो, शनिवारी पहाटे परत जातो. त्याला असा टाकून मी युरोपात हिंडले तर तुझीच जीभ चालेल, वन्सं. म्हणून तू एकटी जा. तुझी स्मिता तिथे आहे, तिच्या नोकरीची दोन वर्षं संपली की परत कोण बोलावणार आहे आपल्याला?

तुझ्या दादाच्या साइटवरचा समाधान रजेवर गावी निघालाय, त्याच्याबरोबर नेहमीची बॅग पाठवतेय. दरवर्षीप्रमाणे प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी डकवली आहे. तुझ्या नावाचे दोन नग आहेत. एक म्हणजे माझा करड्या रंगाचा कोट. ऑक्टोबरात हौसेने घेतला होता. अबुधाबीत कोट विकणारा दुकानदार आणि विकत घेणारी मी, दोघंही एकमेकांकडे संशयानेच बघत होतो. पण इथे एसीत बसून बसून माझं वजन वाढलंय, तो घट्ट होतो. दुसरे बूट. लिस्बनच्या चढउतारांची सवय व्हावी म्हणून मी ते घालून महिनाभर समुद्रकाठच्या कॉर्निशवर चालले. आपल्या दोघींचं आयुष्यात दुसरं कुठलं माप जुळलं नाही, पण पाऊल एकच आहे.

आपली मधू आणि तिची केया दुबईहून येऊन गेल्या. केया आता मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर देते. मी तिला मुद्दाम मराठीतच विचारते. दोघी हट्टी आहोत.

जा गं विभा. रुसून घरी बसू नकोस.

इतकी वर्षं सांभाळलेली माया अशीच असू दे,
तुझी,
हेमा

---

बेळगाव,
४ एप्रिल २०००

वहिनीसाहेबांस,
विभावरीचा रागाने भरलेला, तरी सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही, नाहीतर भलतंसलतं लिहून बसले असते. दादाची रजा मंजूर झाली नाही म्हणे! चोवीस वर्षं तुमची रजा म्हणजे कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी मुंज, नाहीतर घराचं बांधकाम. तिकडून विमान सुटतं ते बेळगावच्या दिशेनेच, त्याला दुसरी दिशाच माहीत नाही. यंदा एकदाच मी तुला पश्चिमेकडे ओढत होते. दादा एक महिना स्वतःच्या हाताने वरणभात करून खाऊ शकत नाही का? लहानपणी त्याला मी करायला शिकवलं होतं. आता विसरला असेल तर तुझी चूक.

समाधान स्वतः बॅग पोचवून गेला. चहा घे म्हटलं तर दारातच उभं राहून घेतला. तुझी तब्येत कशी आहे विचारलं तर बाई बऱ्या आहेत म्हणाला आणि घाईघाईने निघाला. बॅगेचं मात्र नवल वाटलं. दरवर्षी ठकुबाईला कांबळं आणि टायगर बाम असतो. ती तो बाम गुडघ्याला कमी लावते आणि शेजाऱ्यांना जास्त दाखवते. या वेळी तिच्या नावाची चिठ्ठी तुझ्या आईच्या हिरव्या इरकलीवर! माझी वाचायची चूक झाली असेल म्हणून तीनदा पाहिलं. अत्तर नाही, बदाम नाही, नवं असं काहीच नाही. सगळं तुझ्या वापरातलं. कपाट आवरायला काढलंस, की दादा निवृत्त व्हायचा म्हणून आतापासूनच गाशा गुंडाळतेस?

इरकल ठकुबाईला दिली. ती मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तिने रात्री काढल्या होत्या, ते तिला आठवलं असणार. मला म्हणाली की हेमाताईने जिवंतपणी अशी वस्तू का सोडली. तिला म्हटलं, अभद्र बोलू नकोस.

बूट अगदी बसले. कोट अजून घालून पाहिला नाही. एप्रिलच्या उन्हात टिळकवाडीत कोट घालून फिरले तर लोक वेड्यात काढतील.

जाते आहे. तुझ्यासाठी म्हणून नाही, तुझ्यावर सूड म्हणून. बघशील किती जळवते ते.

राग ओसरेपर्यंत तरी प्रेम कमी करू नकोस,
विभा

---

लिस्बन,
१४ मे २०००

प्रिय हेमा,
स. न. वि. वि.

पायरीवरचं शहर खरं आहे गं. मी मनात कुठेतरी धरून चालले होते की सिस्टरांनी ते आपल्याला गप्प बसवण्यासाठी बनवलं असेल.

स्मिताचं घर ग्रासा नावाच्या टेकडीवर आहे. खाली उतरायचं तर पिवळी ट्राम. एवढीशी, लाकडी बाकांची, आणि गल्ली इतकी अरुंद की हात बाहेर काढला तर कुणाच्या तरी खिडकीतलं भांडं उचलता येईल. वळणावर लोक भिंतीला पाठ लावून उभे राहतात, ट्राम गेली की पोट सोडतात. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. आता मीही पोट आत घेऊन उभी राहते, जमेल तितकं.

रस्त्यावर काळ्यापांढऱ्या दगडांची नक्षी आहे, लाटांसारखी. दिसते सुंदर, पण गुळगुळीत, घसरायला होतं. तुझे बूट नसते तर एव्हाना माझं कंबरडं मोडलं असतं. खालचा बाशा भाग एकदम सरळ आखलेला. अडीचशे वर्षांपूर्वी भूकंपात सगळं पडलं, मग पट्टी लावून बांधलं. टेकड्यांवरचं जुनं शहर मात्र तसंच वेडंवाकडं. सिस्टरांच्या अल्फामा वस्तीत मी दोनदा हरवले. वाळत घातलेल्या चादरी डोक्यावर, कुणीतरी तळतंय, कुणीतरी भांडतंय, आणि एका बंद दारामागे एक बाई गात होती. शब्द कळला नाही. पण कुणीतरी परत आलेलं नाही, एवढं कळलं.

बेलेंला जाऊन मठ पाहिला. आत वास्को द गामाची समाधी आहे. शाळेत ज्याच्या समुद्रमार्गावर आपण दोघींनी मार खाल्ला, तो दगडावर हात जोडून शांत झोपलाय. स्मिताला म्हटलं, याच्यामुळे आपल्याकडे मिरची आली, बटाटा आला आणि सिस्टर बेनेदिता आल्या. ती म्हणाली की आई, बाकीचंही आलं, ते इतक्यात विसरू नकोस. पोरगी हुशार आहे.

तिची घरमालकीण फक्त पोर्तुगीज बोलते. तिच्याकडे मी सरळ मराठीत चावी मागितली. तिने दिली! पाव, बटाटा, साबण, एवढ्यावर आमचा संसार चाललाय.

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. दोनच ओळी? परवा फोन केला तर दादा म्हणाला तू झोपली आहेस. सकाळी अकराला? पत्र लिही. लांब लिही.

दूर आले म्हणून आठवण पातळ होऊ देऊ नकोस,
विभा

---

अबुधाबी,
२६ मे २०००

प्रिय विभास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी मैमुनाबीलाही वाचून दाखवलं. ती खालच्या मजल्यावरची हैदराबादची, हल्ली दुपारी माझ्याकडे बसायला येते. ट्रामपुढे पोट आत घेऊन उभी असलेली तू, हे हिंदीत सांगताना मला इतकं हसू आलं की ठसका लागला. तिने पाठ चोळली आणि म्हणाली की तुमची नणंद यायला हवी होती इथे. मी म्हटलं, ती आली तर माझ्या घरातली प्रत्येक वस्तू जागची हलवील.

विभा, तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस. काय खाल्लंस? तळणीचा वास आला म्हणून लिहितेस आणि पुढे निघून जातेस. मला सगळं हवं. मासा कसा होता, काटे किती, मीठ कसं, पाव आतून ओला की कोरडा. सिस्टर अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या त्या छोट्या गोड वाट्यांचं सांगायच्या, वरून करपलेल्या, आतून थरथरणाऱ्या. त्या खा. एक नको, दोन खा. आणि चव तपशिलाने लिही. शाळेत निबंध लिहायचीस तशी आळसाने नको.

इथे उन्हाळा लागलाय, बाहेर पाऊल टाकवत नाही. गुरुवारी मधू आणि केया आल्या होत्या. केयाने माझ्या ताटाकडे पाहून इंग्रजीत विचारलं, आजी, तुझं झालं का? ताट तर भरलेलंच होतं. मी हो म्हटलं.

आणखी एक काम. सिस्टरांचं घर शोध. चर्चच्या पायऱ्या उतर, धुण्याच्या जागेपाशी ये, तिथून डाव्या हाताने वर. निळ्या फरशा, दाराजवळ संत्र्याचं झाड, वरच्या खिडकीतून नदी. मला ते घर आहे एवढंच कळायला हवं.

अक्षर तिरपं झालंय, पडून लिहितेय. एसीने मान धरली आहे.

हट्ट पुरवतेस तशीच पुरवत राहा,
हेमा

---

लिस्बन,
१५ जून २०००

हेमा,

नमस्कार वगैरे खाली लिहीन.

परवा इथे सांत अँतोनिओची रात्र होती. अख्खं अल्फामा रस्त्यावर. दारोदार शेगड्या आणि त्यांवर तारली भाजायला टाकलेली. धूर इतका की माणूस माणसाला आपटतो. विकणाऱ्या बायका तुळशीसारख्या झाडाच्या छोट्या कुंड्या घेऊन उभ्या असतात, त्यात कागदी फूल खोचलेलं. त्या झाडाला नाक लावायचं नाही, मरतं म्हणतात. तळहात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. मी घेतला, आणि आपल्या दारातल्या वृंदावनापाशी उभी असल्यासारखं वाटलं.

नदीवरून वारं सुटलं म्हणून तुझा कोट पहिल्यांदा अंगात घातला. घातला कसला, एका हातातच अडकला. मला चढेना. तू लिहिलं होतंस की तुला घट्ट होतो. तुला घट्ट तर मला कसा होईल, म्हणून घरी येऊन शिवण उसवून सैल करायला बसले. अस्तर उलटं केलं. हेमा, तो कोट आत घेतलाय. एकदा नाही, दोनदा. पहिली शिवण, तिच्या आत दुसरी, दोन्हीकडे बोटभर बोटभर. आणि दोन्ही शिवणी हाताच्या, सिस्टरांच्या उलट टाक्याच्या, शेवटी ती चोरगाठ. तो टाका जगात दोनच बायका घालतात, त्यातली एक मी.

वजन वाढलेली बाई कोट आत घेत नाही.

काल दादाला फोन लावला. मी म्हटलं, हेमाला काय झालंय ते आत्ता सांग, नाहीतर उद्या विमानाने येते. तो म्हणाला, पोटात आहे, जानेवारीत कळलं, आता अन्न उतरत नाही. आणि रडला गं. आमचे बाबा गेले तेव्हाही न रडलेला माणूस.

मी तुला काय काय लिहिलं! चैन, हसणं, घसरणं. आणि तू खाण्याचं विचारत होतीस.

तर ऐक. तारली भाजल्यावर जाड्या पावाच्या चकतीवर ठेवतात. तेल आणि खारट रस पावात उतरतो. मासा बोटांनी सोडवून खायचा, काटे ताटाच्या कडेला, आणि शेवटी तो भिजलेला पाव. खरं जेवण तो पावच. मीठ जाड, दाताखाली कुरकुरतं. आपल्या समुद्राचीच चव, पण थंड. त्या गोड वाट्या बेलेंला खाल्ल्या, दोन, तू सांगितल्यास तशा. वरचं करपलेलं आधी कडू लागतं, मग आतलं गरम येतं. कुंद्यापेक्षा गोडी कमी. खाली पापुद्रा वाजतो. बकल्याव म्हणजे खारवलेला मासा खाल्ला, त्याला दुकानात वास अगदी आपल्या सुक्या मासळीच्या बाजारासारखा, आणि ताटात आल्यावर दुधासारखा मऊ.

आणि घर. दोन दिवस मनाशी ठरवलं होतं की लिहायचं, आहे, निळं आहे, दाराशी संत्र्याचं झाड आहे. आता खोटं नाही. धुण्याची जागा आहे, दगडी टाक्या, दोन म्हाताऱ्या सतरंजी घासत होत्या. तिथून डाव्या हाताने वर गेले. घर सापडलं असं मला वाटतं. फरशा निम्म्या उरल्यात, बाकीच्या उपटून नेल्या. खिडक्या विटा लावून बुजवल्यात. झाड नाही, पण दाराजवळ झाडाची गोल जागा आहे, दगडात सोडलेली. मी पायरीवर बसले. म्हाताऱ्यांतली एक वर आली, काहीतरी विचारलं. मला एवढंच म्हणता आलं, बेनेदिता. तिने मान हलवली. माहीत नव्हतं तिला. तरी माझ्याजवळ बसली.

मी बेळगावला जात नाही. इथून सरळ तुझ्याकडे येते. दादाला व्हिसाचं करायला सांगितलंय.

नमस्कार. रागावले आहे. वाट बघ, एवढंच मागते.
विभा

---

अबुधाबी,
२ जुलै २०००

प्रिय विभा,
हेमाचा स. न. वि. वि.

हे पत्र पाच दिवस लिहितेय. आज संपवते.

तारलीखालचा पाव मी खाल्ला. खरंच सांगते. मैमुनाबीने चमच्याने पाणी दिलं आणि मी तुझं पत्र हातात धरलं होतं. जाड मीठ दाताखाली आलं. बुजवलेल्या खिडक्यांचं लिहिलंस ते बरं केलंस. फुलझाडं लिहिली असतीस तर मला कळलंच असतं. निबंधात तुला कुठलं झाड शोभून दिसतं ते मला माहीत आहे.

लपवलं म्हणून रागावली आहेस. पण इथून घरी वाईट लिहायचं नाही आणि घरून इथे वाईट लिहायचं नाही, हीच आपली सगळ्यांची रीत. एक्याण्णवमध्ये आईच्या वेळी तुम्ही सगळे मला तिला बरं आहे, भात खाते, असंच लिहीत होतात. तेव्हा इथे युद्धाचे दिवस, विमानं बंद. कळलं असतं तरी मी काय केलं असतं? भिंतीवर डोकं आपटलं असतं. दहावा झाल्यावर तुझं पत्र आलं. मी तुझ्यावर कधी रागावले नाही, आजही नाही. फक्त या वेळी मी विचार केला, दोघींतल्या एकीने तरी ते शहर पाहायला हवं. कळलं असतं तर तू गेली नसतीस. इथे येऊन माझ्या उशाशी बसली असतीस आणि दोघींनी मिळून हे छत पाहिलं असतं.

कोटाचं मात्र चुकलं. शिवणी उसवून द्यायला हव्या होत्या. ताकद नव्हती.

कंपनीत व्हिसाचं काम बघणारा मंदूब रोज तुझ्या दादाला बुकरा, इन्शाल्ला म्हणतो. म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. तुझा दादा रोज तेच मला फोनवर सांगतो आणि मी हो म्हणते. माझ्यापुरतं डॉक्टरांनी खलास म्हटलंय, इतकं स्पष्ट नाही, पण फाइल बंद करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तुझ्या दादाने पेटी करून मला बेळगावला न्यायचं काढलं होतं. त्याला नाही म्हटलं. चोवीस वर्षं मी त्या विमानातून बॅगा पाठवल्या. शेवटी स्वतः चिठ्ठी लावून सामानात येणार नाही. इथे दहनाची सोय आहे, इथेच करा.

आता नीट वाच आणि सांगितलंय तसंच कर. तुला मधे स्वतःचं डोकं चालवायची खोड आहे.

पाटल्या आणि मंगळसूत्र मधूचं, ते तिला दिलंय. सिस्टरांनी शिकवलेला माझा भरतकामाचा रुमाल, ज्याच्या कोपऱ्यात गलबत आहे, तो केयाला. तिने विचारलं तर मराठीतच सांग, कितीही वेळ लागला तरी. शिवणाचं मशीन मैमुनाबीला, तिने माझं उष्टं काढलंय. ठकुबाईला नेहमीचं कांबळं आणि बाम यंदाही जायलाच हवं. दादाकडून मागवून घे आणि चिठ्ठी माझ्या नावाने लाव. दिवाळीपर्यंत तिला काही सांगू नका. मोठी निळी बॅग समाधानला. आजवर त्याने आमचं सामान वाहिलं. आता तिच्यात स्वतःचं भरून गावी जाऊ दे. तुझा दादा तुझ्या वाट्याला. चहात दोन चमचे साखर घालतो आणि एकच घातली म्हणून सांगतो. त्याला वरणभात पुन्हा शिकव.

कोट तुझाच. आत घेतलेलं सगळं उसव, टाके काढून टाक, आणि तुझ्या मापाचा कर.

बूट मला. व्हिसा वेळेत आला तर पायांत घालूनच ये. नाही आला तर खोक्यात घालून दादाच्या कंपनीच्या पोस्टबॉक्सवर पाठव. पुसू नकोस, ब्रश मारू नकोस, तळाच्या खाचांतली त्या गल्लीची माती तशीच राहू दे. जन्मभर मी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, विभा. या एका खोक्यावर तू माझ्या नावाची लाव. पायांत घालू देणार नाहीत, मला ठाऊक आहे. पायांशी ठेवायला दादाला सांगून ठेवलंय.

होती तेवढी माया पुरली, उरली ती तुझ्याकडेच असू दे,
तुझी,
हेमा